दाढीवाला पोस्टमन

१ डिसेंबर, शुक्रवार

आज मी खोटं बोलले. फार मोठं नाही, एका वाक्याचं. पण ते कुठल्या जातीचं खोटं आहे हे मला दुभाष्यांच्या अभ्यासक्रमात शिकवलेलं आहे, त्यामुळे स्वतःला फसवता येत नाहीये.

अमाला, माझ्या आईला, घेऊन फ्रेस्नोला डोळ्यांच्या दवाखान्यात गेले होते. तिथे दुभाष्यासाठी चाकांवरचा एक पडदा ठेवलेला असतो. दूर कुठेतरी बसलेली बाई त्यात दिसते, डॉक्टरांचं इंग्रजी स्पॅनिशमध्ये सांगते, अमाचं स्पॅनिश इंग्रजीत. आज ती बाई तोंड उघडं ठेवूनच गोठली. नर्सनं दोनदा पडदा बंद करून पाहिला. डॉक्टरांनी घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुम्हाला दोन्ही भाषा येतात ना?"

मी नाही म्हणायला हवं होतं. आपल्या माणसासाठी दुभाष्याचं काम करायचं नाही, हे वर्गात पहिल्याच दिवशी सांगतात. आणि दुसरा नियम मी कार्डावर लिहून आरशाला चिकटवलाय: काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही, काही बदलायचं नाही. पण आमच्या घरात कॉलेजची पदवी घेतलेली मी पहिली. नाही म्हणायची मला सवय नाही. मी हो म्हणाले.

डॉक्टर म्हणाले, "वाईट वाटतं सांगायला. साखरेमुळे उजव्या डोळ्याच्या आतल्या पडद्याचं जे नुकसान झालंय, ते भरून येणार नाही. डावा अजून बरा आहे. दर महिन्याला इंजेक्शन घेतलं तर कदाचित टिकेल, पण खात्री देता येत नाही. पहिलं लवकर घ्यावं. आणि त्यांनी मनाची आणि घराची थोडी तयारी करून ठेवलेली बरी."

मी म्हणाले, "अमा, डोळे थकलेत. इंजेक्शन घेतलं की ठीक होईल."

'ठीक होईल' असं डॉक्टर म्हणालेच नव्हते.

अमा माझ्याकडे बघत नव्हती, डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत होती. म्हणाली, "एवढंच? तो तर केवढा वेळ बोलला."

"हे लोक लांबण लावतात, अमा."

"बरं." तिनं मांडीवरची पर्स सरळ केली. "नुसते थकलेत ना? मग सुई कशाला घाईनं? नाताळ होऊ दे. नंतर बघू."

मी तेही इंग्रजीत सांगितलं, अगदी शब्दाला शब्द. त्यात मी काही बदललं नाही.

३ डिसेंबर, रविवार

आदाननं नवा टीव्ही आणलाय. भिंतभर. माझा भाऊ एकोणीस वर्षांचा आहे आणि संत्र्यांच्या गोदामात पेट्या उचलायचं यंत्र चालवतो, त्यामुळे त्याला कुठलीही वस्तू लहान आवडतच नाही. आमच्या वडिलांनी, अपांनी, टीव्हीसमोर खुर्ची मागे घेतली, आणखी मागे घेतली, शेवटी स्वयंपाकघरात जाऊन बसले. "इथून बरा दिसतो," म्हणाले.

मग आदान म्हणाला, "आणि ऐका. आपला सिनेमा यात आहे. आणि स्पॅनिशमध्ये आहे."

अपांनी टाळी वाजवली. "म्हणजे यंदा यारेलीला बोलायला नको! पोरी, पंधरा वर्षं तू घसा कोरडा केलास. यंदा तू आरामात बघ."

मी आदानकडे रोखून बघितलं.

ही गोष्ट मी कुठेच लिहिलेली नाही, म्हणून आज लिहिते. मी सात वर्षांची असताना अपांनी रविवारच्या बाजारातून एका नाताळच्या विनोदी सिनेमाची तबकडी आणली. वेष्टनावर भला मोठा दोनचा आकडा होता. तो दुसरा भाग होता. पहिला आम्ही आजवर बघितलेला नाही. सुरुवातीलाच ते कुटुंब नव्या घरात राहायला येतं आणि सगळे एकमेकांकडे बघून काहीतरी आठवून खो खो हसतात. ते काय आठवून हसतात हे आम्हाला माहीत नाही, पण आम्हीही हसतो.

सिनेमा नुसता इंग्रजी होता. अमाला आणि अपांना इंग्रजी येत नव्हतं. मी दुसरीत होते आणि मला येतं असं सगळे समजत होते. तमाले करायचा दिवस होता, मक्याच्या सालांत पीठ आणि सारण भरून वाफवायचे. अमा मक्याच्या सालांवर पीठ थापत होती. ती म्हणाली, "काय म्हणतात गं ते? सांग ना."

मी सांगितलं. कळलं ते सांगितलं, आणि नाही कळलं ते बनवलं.

सिनेमात सासू आणि सून स्वयंपाकघरात जोरजोरात बोलतात. मला त्यांचं भांडण आवडलं नाही, म्हणून मी म्हणाले, "ती पावाची कृती विचारतेय." थोरला मुलगा फोन करतो आणि आईचं तोंड उतरतं. मी म्हणाले, "तो म्हणतोय, उद्या येतो, माझं जेवण ठेव." मग पंचाईत झाली, कारण सिनेमा संपत आला तरी तो येईना. शेवटी दारात एक दाढीवाला पोस्टमन येतो आणि ती आई त्याला घट्ट मिठी मारते. कुठली आई पोस्टमनला मिठी मारेल? मी म्हणाले, "हाच थोरला. दाढी वाढवून आलाय, म्हणून ओळखू येत नाही."

अपा रडले. तेव्हापासून दर वर्षी ते पोस्टमनला रडतात.

खरं तर थोरला मित्रांबरोबर समुद्रावर जातो. पोस्टमन हरवलेला कुत्रा घेऊन आलेला असतो. हे मला दहाव्या वर्षी कळलं. तोवर तीन नाताळ होऊन गेले होते आणि मला तोंड उघडायचा धीर झाला नाही. आदानला कळलं तेव्हा तो आठ वर्षांचा होता. 'सांगू का अमाला?' एवढ्या एका वाक्यावर त्यानं पुढची सहा वर्षं माझ्याकडून भांडी घासून घेतली.

आज मी त्याला अंगणात गाठलं. "मुद्दाम केलंस ना?"

"देवाशप्पथ नाही," तो म्हणाला. त्याचा चेहराही उतरला होता. "मला वाटलं, अमाला बरं पडेल. माझ्या डोक्यात पोस्टमन आलाच नाही गं."

८ डिसेंबर, शुक्रवार

धुकं. सकाळी समोरचं घर नव्हतं.

अमाला हल्ली नीटनेटकेपणाचं वेड लागलंय. स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांना तिनं रबरबँड लावलेत. मिठाला एक, साखरेला दोन, मिरचीच्या पुडीला तीन. मी हसले. "अमा, डब्यांवर नावं आहेत की."

"असू देत," ती म्हणाली. "हाताला पण कळायला पाहिजे."

मला वाटतं, तिला काम हवं असतं. इंजेक्शनचं पुन्हा काढलं तर म्हणाली, "नाताळ झाल्यावर." दवाखान्यातून आज फोन आला होता, तारीख ठरवा म्हणून. मी सांगितलं की आई अजून तयार नाही. पलीकडची बाई म्हणाली, "त्यांना नीट समजावलंय ना?" मी हो म्हणाले. एका खोट्याखाली दुसरं जाऊन बसलं.

१२ डिसेंबर, मंगळवार

येशूच्या आईचा, माउलीचा सण. पहाटे चर्चमध्ये गाणी म्हणायला गेलो. अमा दर वर्षी सगळ्यांच्या पुढे चालते. आज तिनं माझा दंड धरला होता. चर्चच्या पायऱ्या चढताना ती ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होती. मला प्रार्थना वाटली. नीट ऐकलं तर ती पायऱ्या मोजत होती. अकरा आहेत. इतकी वर्षं येतो, मला माहीत नव्हतं.

प्रार्थनेत मी एकच मागितलं. टीव्ही बंद पडू दे. लाज वाटते लिहायला.

१५ डिसेंबर, शुक्रवार

संध्याकाळी चेलामावशी आली. ती नात्यानं आमची कुणी नाही, पण बाप्तिस्म्याला मला तिनंच हातात धरलं होतं, आणि गोदामात ती आणि अमा वीस वर्षं एकाच पट्ट्यावर उभ्या आहेत. समोरून संत्री वाहत जातात. डागाळलेलं, फुटलेलं, हिरवट संत्रं नजरेनं हेरायचं आणि उचलून टाकायचं. अमाच्या नजरेतून संत्रं सुटत नाही असं मुकादमसुद्धा म्हणतो.

चेलामावशी म्हणाली, "तुझी आई पट्टा सोडून खोकी बांधायला गेली, माहीत आहे ना? स्वतः जाऊन मागून घेतलं तिनं."

मला माहीत नव्हतं. "पाय दुखत असतील," मी म्हणाले. "पट्ट्यावर उभं राहावं लागतं."

मावशी माझ्याकडे बघत राहिली. "खोकी बांधायलाही उभंच राहावं लागतं, बाई."

एवढ्यात अमा कॉफी घेऊन आली. मावशी लगेच नव्या टीव्हीबद्दल बोलायला लागली. म्हणाली, "आदान, हा भिंतीला लावलाय की भिंत याला?"

१७ डिसेंबर, रविवार

अमानं मला आज तमालेचं पीठ शिकवलं. आजवर ती मला नुसतं सालं पुसायला बसवायची. आज म्हणाली, "हात घाल." चरबी फेसायची, पीठ घालायचं, रस्सा ओतायचा. किती, असं विचारलं तर म्हणाली, "मोजू नकोस, हाताला विचार. हातातून सुटलं पाहिजे, पण लगेच नाही." पिठाची गोळी पाण्यात तरंगली की झालं. आमची पहिली बुडाली, दुसरी बुडाली, तिसरी तरंगली.

अमा डोळे मिटून पीठ मळत होती. मी म्हणाले, "झोप आली का?"

"नाही. मला वाटलं, बघावं तरी कसं होतं ते."

काय बघावं ते मला कळलं नाही. पदवी मिळाल्यापासून तिला मी मोठी झाल्यासारखी वाटते बहुतेक, म्हणून शिकवतेय. मला फार बरं वाटलं.

२० डिसेंबर, बुधवार

वर्गात आज तोंडी सराव होता. परीक्षा ११ जानेवारीला आहे. मला मिळालेला प्रसंग: डॉक्टर एका माणसाला सांगतात की त्याचा पाय वाचणार नाही. सहा वाक्यं होती. मी सहाही नीट सांगितली, पहिल्या पुरुषात, जशी सांगायची असतात तशी. दुभाष्यानं 'डॉक्टर म्हणतात' असं म्हणायचं नसतं. 'मी' म्हणायचं असतं. आपण मध्ये नसतोच.

शिक्षिका म्हणाल्या, "उत्तम. आवाज जरासुद्धा कापला नाही तुमचा."

मी स्वच्छतागृहात जाऊन रडले. परक्या माणसाला त्याच्या पायाबद्दल मी खरं सांगू शकते. आणि माझी आई, थकवा समजून, सुई पुढे ढकलतेय. एक महिना म्हणजे किती, हे मला कुणाला विचारायचा धीर नाही. मी सातव्या वर्षी जे केलं तेच बाविसाव्या वर्षी केलं. तेव्हा निदान मला शब्द येत नव्हते.

ठरवलंय. तेविसाला, सिनेमा लावायच्या आधी, दोन्ही गोष्टी सांगून टाकायच्या. आधी सिनेमाची, म्हणजे जीभ सैल होईल. मग डोळ्याची.

२२ डिसेंबर, शुक्रवार

सालं भिजत घातली. मांस शिजलं. आदाननं मला बाजूला घेऊन सांगितलं, "मी म्हणू का, नेट गेलंय म्हणून? जुनी तबकडी लावू."

"नको."

"विचार कर. अपांचं काय होईल? त्यांना पोस्टमन पाहिजे."

मी म्हणाले, "खरं सांगितलंच पाहिजे."

"तू परीक्षेला बसल्यासारखी बोलतेस," तो म्हणाला. पण त्यानं आज भांडी घासली.

२३ डिसेंबर, शनिवार

सगळं लिहून काढते, जसं झालं तसं.

दुपारी दोनला टेबल टीव्हीसमोर ओढलं. अमा, अपा, चेलामावशी, आदान आणि मी. अमा एक बाजू टीव्हीकडे करून, तिरकी बसली होती. मी सांगायला तोंड उघडलं तर मावशीनं माझ्यापुढे सालांचा ढीग लोटला. "गुळगुळीत बाजूला थाप. खडबडीत नाही. कॉलेजात हे शिकवत नाहीत वाटतं." सगळे हसले, आदाननं बटण दाबलं, आणि माझी वेळ निघून गेली.

पडद्यावरची माणसं स्पॅनिशमध्ये बोलायला लागली. अपा खूश. नव्या घरात शिरून ते सगळे हसले, आम्हीही हसलो. अपा म्हणाले, "बघ, किती स्वच्छ बोलतात."

मग सासू-सून स्वयंपाकघरात आल्या. सासू म्हणाली, "असला पाव माझ्या मुलाला घालतेस? माझं ऐकलं असतं तर त्यानं तुझ्याशी लग्नच केलं नसतं."

अपांचा हात थांबला. "ही काय बोलतेय?"

ते अमाकडे वळले.

"लाला, ही बाई दर वर्षी कृती विचारते ना?"

अमा म्हणाली, "पीठ थापा, कूको."

फोन वाजला. थोरला म्हणाला, "आई, मी येत नाहीये. मित्रांबरोबर समुद्रावर चाललोय. वाट बघू नका." अपांनी हातातलं साल खाली ठेवलं. "येत नाही? येत नाही म्हणजे? मग पोस्टमन कोण?"

आदान जमिनीकडे बघायला लागला. सगळे माझ्याकडे बघायला लागले, अमा सोडून.

मी सांगितलं. दोन्ही हात पिठात होते, त्यामुळे तोंड लपवायलाही काही नव्हतं. मला कळलं नव्हतं, मी बनवलं, मग भीती वाटली, पोस्टमन नुसता पोस्टमन आहे, तो कुत्रा घेऊन आलाय. "मी तुम्हाला पंधरा वर्षं दुसराच सिनेमा दाखवला," मी म्हणाले.

चेलामावशीला हसू आवरेना. अपा हसले नाहीत. "कुत्रा?" ते म्हणाले. "मी कुत्र्यासाठी रडलो?"

अमा शांतपणे सारण भरत होती. म्हणाली, "मला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"अगं, ती सासू हातातलं पातेलं आपटते. पातेलं आपटून कुणी कृती विचारतं का? त्याला काय भाषा लागते? तू सांगत होतीस ते मला बरं वाटत होतं. त्या वर्षी मला घरची फार आठवण येत होती. माझी आई तिकडे, सीमेपलीकडे, होती आणि मला जाता येत नव्हतं. तू म्हणालीस, मुलगा दाढी वाढवून आला. म्हटलं, येऊ दे की."

मला वाटलं होतं, हे ऐकून मला हलकं वाटेल. उलट झालं. कारण आता मला कळलं की ती पातेल्यावरून ओळखते. मग डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून काय ओळखलं असेल?

मी म्हणाले, "अमा, अजून एक आहे. दवाखान्यातलं."

"आवाज बंद कर," अमा आदानला म्हणाली. त्यानं केला. पडद्यावर ती माणसं हातवारे करत राहिली. अमानं हात पुसले, मांडीवर ठेवले. "सांग. आता बनवू नकोस."

"चूक झाली, मी—"

"तुझं नको. त्याचं सांग. तो बोलला तसं."

मी पाठ ताठ केली. समोर भिंतीकडे बघितलं. म्हणाले, "वाईट वाटतं सांगायला. साखरेमुळे तुमच्या उजव्या डोळ्याच्या आतल्या पडद्याचं जे नुकसान झालंय, ते भरून येणार नाही. डावा अजून बरा आहे. दर महिन्याला इंजेक्शन घेतलं तर कदाचित टिकेल, पण खात्री देता येत नाही. पहिलं लवकर घ्यावं. तुम्ही मनाची आणि घराची थोडी तयारी करून ठेवलेली बरी."

वर्गात कापला नव्हता तो आवाज शेवटच्या वाक्याला फुटला. पण मी काही गाळलं नाही.

चुलीवरच्या पातेल्यात वाफवायचं पाणी उकळत होतं. अपांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. आदान म्हणाला, "अमा, तू मला का नाही...," आणि थांबला.

अमा म्हणाली, "उजव्याचं मला कळलंच होतं. संत्रं असतं तिथे नुसता राखाडी ठिपका दिसतो. घराची तयारी मी करतेच आहे."

तेव्हा मला डबे आठवले. रबरबँड. चर्चच्या अकरा पायऱ्या. खोकी. डोळे मिटून मळलेलं पीठ. सगळं मी स्वतःच्या हातानं या वहीत लिहिलंय. लिहिलं आणि वाचलं नाही.

"मग सुई का नको म्हणालीस?" मी विचारलं.

"भ्याले." तिनं पहिल्यांदा माझ्याकडे मान वळवली, जरा तिरकी, डाव्या डोळ्यानं. "सुई चुकली आणि उरलेला पण गेला तर? म्हटलं, हा नाताळ बघून घेऊ. तुम्हा सगळ्यांना एकदा टेबलाशी बघून घेऊ. मग काय करायचं ते कर म्हणावं त्याला."

चेलामावशी उठली आणि उगाचच पातेल्याचं झाकण उघडून बघायला लागली. तिचे खांदे हलत होते.

अमा म्हणाली, "त्या डॉक्टरला विचार. पुढच्या नाताळला मला हा सिनेमा दिसेल का?"

माझ्या तोंडावर 'दिसेल' आलं होतं. अगदी ओठांवर. मी ते गिळलं. "मला माहीत नाही, अमा. डॉक्टरांचं उत्तर मला देता येत नाही. त्यांनाच विचारावं लागेल."

"मग विचारू," ती म्हणाली. "तारीख घे." आणि आदानला, "लाव रे पुढे. आवाज नको. ही सांगेल."

मी विचारलं, "काय सांगू? खरं, की माझं?"

"डॉक्टरचं खरं सांग," अमा म्हणाली. "पोस्टमनचं तुझं सांग."

मग मी सांगत गेले. या वर्षी अमा मध्ये मध्ये विचारत होती, जे ती आधी कधी विचारत नसे. दिवे कुठल्या रंगाचे आहेत. सुनेनं काय घातलंय. बर्फ पडतोय की थांबलाय. मी सगळं सांगितलं, पडद्यावर होतं तसं. तोंडानं ते काय बोलत होते ते मात्र माझंच होतं. सासूनं कृती विचारली. सुनेनं नाही सांगितली, कारण हाताला विचारावं लागतं. हे मी यंदा नव्यानं घातलं. अमा हसली. अपाही हसले, जरा नाखुशीनं.

पडद्यावरचं दार उघडलं. दाढीवाला माणूस उभा होता.

मी थांबले. मला एकदम लाज वाटली, अपांसमोर. खोलीत सगळ्यांना माहीत होतं तो कोण आहे ते.

अपाच म्हणाले, "बोल की. दाढी वाढवून आलाय बिचारा."

"दाढी वाढवून आलाय," मी म्हणाले. "थंडीत फार लांबून चालत आलाय, म्हणून वाढली. म्हणतोय, जेवण ठेवलंस का?"

"कुत्रा आहे का हातात?" अमानं विचारलं.

"आहे."

"असू दे. वाटेत सापडला असेल."

अपांनी टेबलावरची टोपी घालून डोळ्यांवर ओढली.

२४ डिसेंबर, रविवार

तमाले वाटले. शेजारी, चर्चमध्ये, चेलामावशीकडे. खडबडीत बाजूला थापलेले सात निघाले, सातही माझे.

आदान म्हणाला की नव्या टीव्हीत पहिला भागही आहे, लावू का? ते काय आठवून हसतात ते एकदाचं कळेल. अमा म्हणाली, "नको. त्यात पोस्टमन नसेल."

२७ डिसेंबर, बुधवार

दवाखान्याला फोन केला. तारीख ४ जानेवारी. मी त्यांना सांगितलं की मागच्या खेपेला मी माझ्या आईला सगळं सांगितलं नव्हतं. पलीकडची बाई म्हणाली, "बरं झालं सांगितलंत." एवढंच.

अमानं अट घातलीय. खरीखुरी दुभाषी पाहिजे, पडद्यातली नको, जिवंत, खुर्चीवर बसणारी. "तू बोलायचं नाहीस," म्हणाली. "तू माझ्या शेजारी बसायचं."

मला थोडं लागलं. इतकं सगळं झाल्यावरही तिला माझा भरवसा वाटत नाही का? पण नियमानं तेच बरोबर आहे, म्हणून मी काही बोलले नाही.

४ जानेवारी, गुरुवार

दुभाषी चांगली होती. पन्नाशीची, केस मागे बांधलेली. अमाच्या थोडी मागे बसली, नियमाप्रमाणे. मी अमाच्या डाव्या बाजूला, तिला दिसेन अशी.

अमानं विचारलं, "पुढच्या नाताळला मला घरी सिनेमा दिसेल का?" दुभाषीनं विचारलं, अगदी शब्दाला शब्द. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे घेतली. इंग्रजीत म्हणाले, "वचन देऊ शकत नाही. पण डावा डोळा मी डिसेंबरात पाहिला तसाच आहे, वाईट झालेला नाही. आज सुरुवात केली तर पुढचा नाताळ दिसण्याची मला चांगली आशा आहे."

ते 'वचन देऊ शकत नाही' म्हणाले तेव्हाच अमानं माझा हात घट्ट दाबला. 'वाईट झालेला नाही'ला सोडला, 'चांगली आशा'ला पुन्हा दाबला. तोवर दुभाषीनं अजून तोंडही उघडलं नव्हतं. डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून ओळखलं असणार. अमाचं हे असंच आहे. सिनेमातही मी विनोद सांगायच्या आधीच ती हसायला लागते.

मग दुभाषी बोलली. अमानं तिचं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मान डोलावली, तिचे आभार मानले. सुई घेताना तिनं पुन्हा माझा हात मागितला. मला काही बोलायचं नव्हतं, म्हणून मी दोन्ही हातांनी धरला.